पात्र आणि अपात्र

२००६ साली पंतप्रधानांच्या मदतयोजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे आले, त्यांत वर्धाही होता. त्या सुमारास सरकारी कागदावर एक विलक्षण शब्दप्रयोग रूढ झाला: पात्र आत्महत्या आणि अपात्र आत्महत्या. शेतकरी गेला की जिल्हाधिकाऱ्यांची समिती पाहते: घरात कोणाच्या नावे सात-बारा होता काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय. सारे जमले तर वारसास एक लाख रुपये. दुसऱ्याचे वावर मक्त्याने करणारा भूमिहीन मरूनही अपात्र.

मदतीला अट हवी, हे मला मान्य आहे. परंतु मदतीची चाळणी हेच मोजण्याचे माप झाले, म्हणजे? देशभरातील शेतकरी-आत्महत्या पोलीस-नोंदींनुसार २०१३ साली ११,७७२ होत्या. २०१४ साली ५,६५०. दुःख काही निम्म्याने आटले नव्हते. शेतमजुरांसाठी निराळा रकाना आखला गेला, आणि त्यात ६,७१० माणसे गेली.

हे झाले ठाण्यापर्यंत पोचलेल्यांचे. २०१० साली पोलिसांकडे सर्व मिळून १,३४,५९९ आत्महत्या नोंदल्या गेल्या. घरोघर जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या संशोधकांचा अंदाज सुमारे १,८७,००० निघाला. मरणानंतर काही काळाने एक शिकविलेला माणूस आप्तांशी बोलतो, आणि ती हकीकत दोन डॉक्टर निरनिराळी वाचून कारण ठरवितात. जिनिव्हाच्या जागतिक तक्त्यांतील आपल्या देशाच्या आकड्यांची मुळे शेवटी अशाच ओसऱ्यांवर असतात.

तेथे बसलेली आई ‘पोटात दुखत होते’ असे म्हणाली, तर तिला खोटे बोलल्याचा दोष द्यावा काय? पोलीस येतील, धाकटीचे लग्न अडेल, हे तिला ठाऊक असते. मी दोष देणार नाही. तिच्या असत्याने शेजारच्या गावाला मिळायचा इशारा हुकतो हे खरे; पण सत्याची एवढी किंमत तिच्यावर लादली कोणी? उलट, लाखभर रुपयांची आशा असलेले घर दुसऱ्याच मरणाला कर्जाचे कारण जोडील, त्यालाही मी फारसे बोलणार नाही. ज्या वहीमागे फौजदार किंवा तिजोरी उभी आहे, त्या वहीत खरे लिहून घेण्याचा हट्टच मला अन्यायाचा वाटतो. घरोघर विचारणाऱ्याच्या हाती दोन्ही नसतात, म्हणूनच त्याला थोडे अधिक कळते.

आणि निंदण, वेचणी सारे करूनही जिच्या नावे तुकडाभर जमीन नाही, ती बाई? पोलिसांच्या नमुन्यात तिच्यासाठी ‘गृहिणी’ हा रकाना आहे. बहुधा ती तेथेच लिहिली जाते.