गजऱ्याची मजुरी

विमा कंपनीतली हिशेबतपासणीची नोकरी सोडून फुलांचं दुकान काढायचं, असं भाचीने चाळिशीत मनाशी धरलं आहे. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पगाराचं काय, मुलांच्या फीचं काय, हे सगळं दोघांनी चहा होईपर्यंत उरकलं. ते बरंच झालं. असल्या निर्णयात पैशाचा प्रश्न आधी विचारला जातो आणि त्याच्याआड खरा प्रश्न राहून जातो.

मामा : मग अडलंय कुठे?

भाची : मंडईजवळ फुटपाथवर एक मावशी गजरे करतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून शिकते. त्यांच्या आईनेही जन्मभर हेच केलं. आता मी, हातात पदवी आणि गाठीला पैसा असलेली बाई, त्यांचंच कसब उचलून काचेच्या दुकानात नेणार. हे मला पटत नाही, आणि सोडवतही नाही.

मामा : त्याकडे येऊ. आधी माझी शंका. मी कालवे बांधले, नातवंडांच्या काळातही पाणी वाहील अशा हिशेबाने. तुझं काम उद्या निर्माल्य होणार. अशा कामात आयुष्य घालावं का?

भाची : मावशींनी मला सगळ्यात आधी मोगरा शिकवला. सकाळी बाजारातून कळ्या येतात. त्यात एखादं उमललेलं फूल असलं तर तेच मला उचलावंसं वाटायचं. मावशी ते बाजूला काढायला लावतात. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठाशी दोऱ्याचा फास. फार आवळला तर देठ तुटतो, सैल राहिला तर माळल्यावर कळी गळते. उमलायचं संध्याकाळी, बाईच्या केसांत. म्हणजे सकाळी बांधलेला गजरा उमललेला कसा दिसतो, हे बांधणारीला कधी बघायलाच मिळत नाही. तरी ती फास तितकाच आवळते.

मामा : आणि दुसऱ्या दिवशी?

भाची : तपकिरी. पण मामा, मी वीस-वीस वर्षांच्या पॉलिसींचे कागद तपासते. माझी नजर चुकली तर कुणाला कधी कळणार? इथे दिवस मावळायच्या आत कळतं. डच गुलाबाची गड्डी घ्या. देठ कोरडा कापला की आत हवेचा बुडबुडा शिरतो, पाणी वर चढत नाही आणि फूल मान टाकतं. म्हणून देठ पाण्यात धरून तिरका कापायचा. पाण्यात बुडणारी पानं आधीच काढायची, नाहीतर ती कुजतात आणि देठाचं तोंड बुजतं. पिकल्या केळ्यांशेजारी कार्नेशन ठेवायचं नाही, केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने त्याच्या पाकळ्या मिटतात. इथे साहेबाचा शेरा लागत नाही.

मामा : टिकाऊ कामाचंही ऐक. पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. मी अकरा वर्षांचा होतो. काम पुरं होण्याआधीच पाणी अडवलं होतं. मातीच्या पोटातला दोष वरून दिसत नाही, आणि बाहेर पडला तेव्हा नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. तेव्हा टिकाऊ ते चांगलं, असं मी म्हणणार नाही. पण उद्या कचराच व्हायचा आहे, मग कशाला जीव ओता, असं नाही वाटत?

भाची : वाटतं. दसऱ्याला संध्याकाळी बाजारात उभं राहिलं की जास्तच वाटतं. भाव पडला की शेतकरी उरलेला झेंडू रस्त्याकडेला ओतून गावाकडे निघतात. एका हंगामाचा घाम तिथे पायाखाली पडलेला असतो. ते पाहिल्यापासून ‘मला फुलांची आवड आहे’ हे वाक्य मी बोलत नाही. पण जपानात क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरात इकेनोबो घराणं आहे. त्यातल्या सेन्केईने फुलं मांडल्याची नोंद १४६२ सालची आहे. त्यातलं फूल कुठून उरणार? मांडायची रीत उरली, आणि ते घराणं आजही ती शिकवतं. मावशींच्या आईचा एकही गजरा शिल्लक नाही. तो फास मात्र माझ्या बोटांत आला.

मामा : म्हणजे टिकतं ते कसब. आता सांग, ते कुणाचं?

भाची : त्यांचं. म्हणून तर झोप लागत नाही. लंडनची कॉन्स्टन्स स्प्राय मुख्याध्यापिका होती. चाळिशी उलटल्यावर, १९२९ मध्ये, तिने फुलांचं दुकान काढलं. पुढे १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाची फुलसजावट तिच्याकडे आली. मी स्वतःला तिचं उदाहरण देत असते.

मामा : ते तुझ्या कामाचं नाही. तिने रानवेली, भाजीची पानं घेऊन स्वतःची रीत काढली. तू दुसरीच्या हातची घेतेयस.

भाची : मग शिकूच नये? माळ्याने फुलं करावीत, इतरांनी खुर्चीत बसावं, असंच चालू ठेवायचं?

मामा : छे! तसं म्हणणं पापच. शिकलेली माणसं हाताच्या कामाला हात लावत नाहीत, हे आपलं जुनं दुखणं. शिकण्यात काही वावगं नाही, भावात असू शकतं. मावशी गजरा कितीला देतात?

भाची : वीस रुपयांना.

मामा : आणि तू?

भाची : ऐंशी तरी घ्यावे लागतील.

मामा : मधले साठ कशाचे?

भाची : भाड्याचे. काचेचे. माझ्या बोलण्याचालण्याचे.

मामा : फासाचे किती?

भाची : ते वीसातच आले. मी त्यांना दुकानात नोकरी देऊ केली होती. म्हणाल्या, “एकदा जागा सोडली की फुटपाथ परत मिळत नाही, ताई.”

मामा : शहाणी बाई. नोकरी देऊच नकोस. दुकानाचे गजरे त्यांच्याकडून घे, आणि भाव त्यांनी सांगायचा. एका गजऱ्याला किती वेळ जातो, बोटं कशी भरून येतात, हे आता तुला ठाऊक आहे. घासाघीस करायला तुला तोंड उरलेलं नाही.

भाची : त्या वीसाच्या वर सांगतील.

मामा : सांगू देत. तो भाव देऊन दुकान चालत असेल तर राजीनामा दे. चालत नसेल तर ते दुकान काढण्याजोगं नाही.