थंड सळईतली धाव

सावकाश वाचा. घाईत असाल तर हा मजकूर उद्यासाठी ठेवा. एखादा परिच्छेद संपला की थोडं थांबा, वाचलेलं डोळ्यांसमोर येऊ द्या, मग पुढे या. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब गावी झाला, आणि ते गाव आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. श्रवणानंतर मनन, ही त्यांच्या परंपरेची रीत. ऐकलं आणि पुढे निघालो, असं करायचं नाही. ऐकलेलं घोळवत राहायचं. आज आपण लोखंडाचं मनन करणार आहोत, आणि त्यासाठी जालन्याइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

‘जालना, सोन्याचा पालना’ असं जुनी माणसं म्हणत आली. आज या शहराचा मोठा आधार लोखंड आहे. औद्योगिक वसाहतीतली एखादी इंडक्शन भट्टी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला भंगाराचा ढीग आहे: वाकलेले अँगल, दाबून बांधलेले पत्र्याचे गठ्ठे, गंजलेले पाइप, कुठल्याशा यंत्राचं दातेरी चाक. शेजारी स्पंज आयर्न, म्हणजे सच्छिद्र लोखंड. क्रेनचं चुंबक एकेक घास उचलतं आणि भट्टीत सोडतं. आत आधी लालसर, मग पिवळा, मग नुसत्या डोळ्यांनी पाहू नये असा पांढरा उजेड. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. लॅडलमध्ये, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या मोठ्या पात्रात, ओतायच्या वेळी हा रस साधारण १,६०० अंशांच्या पुढे गेलेला असतो.

आता गडद काच डोळ्यांवर धरली आहे असं समजा आणि रसाच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो सपाट नाही. मधोमध फुगलेला आहे, कडेला उतरलेला आहे, आणि मधून कडेकडे सतत वाहतो आहे. त्याला कोणी ढवळत नाही. थोडा वेळ त्या फुगवट्याकडेच लक्ष ठेवा.

या भट्टीखाली जाळ नाही. कोळसा नाही, तेल नाही. भोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं आहे. नळीच्या आतून थंड पाणी वाहतं आणि तिच्या तांब्यातून सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलणारी वीज. त्या विजेचं बदलतं चुंबकीय क्षेत्र भंगारात शिरतं आणि तिथल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना फिरवतं. इलेक्ट्रॉन अणूंच्या गर्दीत अडखळतात आणि मिळालेली ऊर्जा अणूंना देऊन टाकतात. म्हणजे इथे लोखंड तापतं ते त्याच्याच पोटातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने. तो फुगवटाही त्याच प्रवाहावर चुंबकीय क्षेत्राने दिलेल्या रेट्यातून येतो. ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं, त्यानंतर ते वितळतं, तरी इलेक्ट्रॉनांचं हे फिरणं सुरूच राहतं.

इथे एक प्रश्न मनात धरा. थंड भंगार आणि पांढरा रस, या दोन अवस्थांमध्ये त्या इलेक्ट्रॉनांच्या धावण्यात किती फरक पडला असेल? उत्तराचा अंदाज करा आणि तो तसाच राहू द्या.

अणूंपुरतं उत्तर आपल्या समजुतीला धरून आहे. साध्या तापमानाला लोखंडाचा अणू जागच्या जागी थरथरतो. त्याची सरासरी गती सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या थोडी वर. वितळताना ती नऊशे मीटरच्या आसपास जाते. अडीच पट. या वाढलेल्या थरथरीपुढे स्फटिकाची शिस्त टिकत नाही, रांगा मोडतात, आणि घन लोखंडाचा रस होतो.

इलेक्ट्रॉनांचा हिशेब वेगळा आहे. वुल्फगांग पाउलीने १९२५ साली सांगितलं की एका अवस्थेत एकाहून जास्त इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. पुढच्याच वर्षी एन्रिको फर्मी आणि पॉल डिरॅक यांनी त्यातून गर्दीचा हिशेब मांडला, आणि आर्नोल्ड सोमरफेल्डने तो धातूंना लावला. एक घन सेंटिमीटर लोखंड घ्या, बोटाच्या पेराएवढं. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन एकावर तेवीस शून्यं या संख्येच्याही पुढे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. कमी संवेगाच्या जागा थोड्या, आणि त्या आधीच भरलेल्या. म्हणून उरलेल्यांना जास्त संवेगाच्या जागा घ्याव्याच लागतात, त्यापुढच्यांना त्याहून जास्त. ही भरती जिथे संपते तो फर्मी संवेग. लोखंडाच्या प्रत्येक अणूमागे दोन मोकळे इलेक्ट्रॉन धरले, तर त्या वरच्या सीमेवरच्या इलेक्ट्रॉनची गती येते सेकंदाला सुमारे दोन हजार किलोमीटर. सरळ हवाई अंतर धरलं तर जालना ते दिल्ली आणि परत, एका सेकंदात.

ही गती उष्णतेची नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. केवळ उष्णतेने एवढी ऊर्जा द्यायची म्हटलं तर सुमारे १,३०,००० अंश तापमान लागेल. भट्टीतलं तापमान त्याच्या सत्तराव्या हिश्श्याइतकं. एवढ्याशा उष्णतेने सीमेजवळचे थोडे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात. आतल्या बहुसंख्य इलेक्ट्रॉनांना हलायला जागाच नसते, कारण त्यांच्या आसपासच्या सगळ्या अवस्था भरलेल्या. यार्डात पावसात भिजत पडलेल्या सळईत आणि भट्टीतल्या रसात इलेक्ट्रॉनांची धाव जवळजवळ तीच आहे. मघाचा अंदाज आता काढून पाहा. माझ्या माहितीतली बहुतेक माणसं इथे चकतात, कारण गरम म्हणजे वेगवान हे आपल्या अंगात भिनलेलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोखंडाच्या बाबतीत हा हिशेब ढोबळ आहे. त्याच्या अणूतले काही इलेक्ट्रॉन पुरते मोकळेही नसतात आणि पुरते बांधलेलेही नसतात. त्याचं चुंबकत्व त्यांच्यामुळेच. सोडियम आणि अॅल्युमिनियम हे साधे धातू या हिशेबाशी अधिक इमानाने वागतात. म्हणून इथून पुढे लोखंड थोडं बाजूला ठेवू.

हे कळलं कसं? इलेक्ट्रॉन तर कोणी पाहिलेला नाही. इथे सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे.

आर्थर कॉम्प्टन हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडत होता. विखुरलेल्या किरणांत काहींची तरंगलांबी वाढलेली आढळली, आणि ती किती वाढते हे फक्त कोनावर ठरत होतं. १९२३ साली त्याने अर्थ लावला: क्ष-किरणाचा कण इलेक्ट्रॉनवर आदळतो, थोडा संवेग त्याला देतो आणि उरलेल्या ऊर्जेनिशी निघून जातो. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी तो लाहोरला येऊन राहिला होता, आणि कॉम्प्टनच्या या शोधाने आपल्या सी. व्ही. रामन यांनाही पुढची वाट दाखवली.

कॉम्प्टनच्या हिशेबात इलेक्ट्रॉन स्थिर धरलेला होता. आता तो धावतोय असं धरा. जालना स्टेशनात न थांबता जाणारी गाडी आठवा: येताना शिट्टीचा सूर चढा, पुढे गेली की उतरलेला. किरणाच्या स्रोताकडे धावत येणारा इलेक्ट्रॉन किरणाला अधिक ऊर्जेने परत पाठवतो, दूर पळणारा कमी ऊर्जेने. म्हणून एका ठरावीक कोनातून परतणारे लाखो कण एकेक करून मोजले, त्यांची ऊर्जा नोंदली, तर आलेखावर एक बारीक रेघ येत नाही. दोन्ही बाजूंना पसरलेला उंचवटा येतो. त्या उंचवट्याची रुंदी म्हणजेच इलेक्ट्रॉनांची धाव. जेसी ड्यूमंड यांनी १९२९ साली बेरिलियम धातूवर हे ताडून पाहिलं. जुन्या कल्पनेप्रमाणे थंड धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास निपचित असते तर उंचवटा अरुंद यायला हवा होता. तो फर्मी आणि डिरॅक यांच्या हिशेबाप्रमाणे रुंद आला. थंड धातूच्या आत एवढी धाव आहे याचा हा थेट पुरावा होता.

हा उंचवटा नीट पाहा. त्याला कॉम्प्टन प्रोफाइल म्हणतात. मधला भाग उलट्या पॅराबोलाचा, तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा. फर्मी संवेगापाशी तो एकदम संपतो. त्याच्या खाली दूरवर पसरलेला बुटका भाग अणुकेंद्राजवळ घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा. जो जितक्या कमी जागेत कोंडलेला, त्याचा संवेग तितका दूरवर पसरलेला.

असं मोजमाप आपल्या देशातही झालं आहे. जयपूरचं राजस्थान विद्यापीठ आणि उदयपूरचं मोहनलाल सुखाडिया विद्यापीठ इथे किरणोत्सारी स्रोत वापरून कॉम्प्टन स्पेक्ट्रोमीटर उभे राहिले. अमेरिशियममधून येणाऱ्या ५९.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणाने स्थिर इलेक्ट्रॉनवरून सरळ मागे उसळी घेतली, तर तो ४८ च्या थोडं वर परततो. सगळी माहिती असते ती या ४८ च्या अलीकडे-पलीकडे.

आता धातू वितळू द्या. सोडियम घेऊ, तो ९८ अंशांनाच वितळतो, उकळत्या पाण्याच्याही आधी. घनाचा द्रव होताना त्याचं आकारमान सुमारे अडीच टक्के वाढतं. इलेक्ट्रॉन तितकेच, जागा थोडी मोठी. म्हणून फर्मी संवेग एक टक्क्याहूनही कमी घटतो. उंचवटा किंचित अरुंद होतो. घन स्फटिकात वेगवेगळ्या दिशांनी मोजलं तर प्रोफाइल थोडं वेगळं येतं. द्रवात सगळ्या दिशा सारख्या. एवढाच फरक. आणि तरीही वितळताना सोडियमचा विजेला होणारा विरोध जवळपास दीडपट होतो, तांब्याचा सुमारे दुप्पट. हे दोन्ही एकत्र मनात धरा: इलेक्ट्रॉन धावतात जवळपास तितक्याच वेगाने, पण सरळ धावणं फार लवकर तुटतं. धाव तीच, वाट मोडलेली. मला या साऱ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

सिलिकॉनची कथा निराळी. ते जालन्याच्या भट्टीपासून दूर नाही. लॅडलमध्ये टाकतात त्या फेरोसिलिकॉनमध्ये ते असतं, आणि भट्टीच्या आतल्या अस्तरात वाळूच्या रूपाने असतं. घन सिलिकॉन धातू नाही. त्यातले इलेक्ट्रॉन शेजारच्या दोन अणूंमध्ये जोडीने बांधलेले. १,४१४ अंशांना ते वितळतं आणि चक्क धातू होतं, शिवाय आकसतं. मग सगळ्या जोड्या सुटतात का? जपानमधल्या स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, सुमारे १,५१४ अंशांच्या वितळलेल्या सिलिकॉनवर क्ष-किरण सोडून हे तपासलं गेलं. प्रोफाइल आणि संगणकावरचा हिशेब एकमेकांशी उत्तम जुळले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की द्रवातही सुमारे १७ टक्के जोड्या टिकून राहतात. बाहेरून पाहिलं तर नुसता चकाकणारा रस. आत घनपणाचा काही अंश शिल्लक.

आता भट्टीकडे परत या, पण या वेळी रसाकडे पाहू नका. भट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. मराठवाड्यातला असेल, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असेल. लांब दांड्याने तो रसावरची मळी काढतो आहे. इलेक्ट्रॉनच्या लेखी १,६०० अंश ही किरकोळ उष्णता आहे. त्या माणसाच्या कातडीला आणि डोळ्यांना ती किरकोळ नाही. ओलसर भंगार आत गेलं की क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. या मननात त्याला जागा नसेल तर मनन अपुरं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

जालन्यातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. कॉम्प्टनचा धडा फळ्यावर संपवू नका. कारखान्याची परवानगी काढा, सुरक्षित अंतर राखा, डोळ्यांवर गडद काच असू द्या, आणि मुलांना एकदा तो फुगलेला रस दाखवा. परत आल्यावर प्रत्येकाच्या हातात थंड सळईचा एक तुकडा द्या आणि विचारा, दोन्हीपैकी कशातले इलेक्ट्रॉन जोरात धावतात. उत्तर लगेच सांगू नका. आठवडाभर त्यांना विचार करू द्या.