सोपे शब्द

पनवेलच्या अभ्यासिकांमध्ये गाइडांच्या गठ्ठ्यात अधूनमधून एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिसतं. व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’. मराठी अनुवाद मिळतो, पण पोरं मुद्दाम इंग्रजी घेतात. पानं कमी, वाक्यं सरळ आणि शब्द परीक्षेच्या कामाचे, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ‘अ‍ॅपथी’खाली रेघ आणि समासात पेन्सिलीने ‘उदासीनता’, ‘रिप्रीव्ह’खाली रेघ आणि ‘शिक्षेला तात्पुरती स्थगिती’, असा अभ्यास सुरू होतो.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ. ऑशविट्झच्या नाझी छावणीतून वाचलेला माणूस 1946 साली आपली कहाणी सांगतो, आणि तुम्ही तिच्यातून समानार्थी शब्द वेचता? मला हा राग थोडा पोशाखी वाटतो. शब्द शिकण्यामागे गरज असली की शिकणं हलकं होत नाही. हे प्रिमो लेव्हीइतकं कुणाला ठाऊक असणार?

लेव्ही इटलीतल्या तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ. 1944 च्या फेब्रुवारीत ते ऑशविट्झच्या मोनोविट्झ छावणीत पोचले. हुकूम जर्मनमध्ये सुटत. कळला नाही तर तोच दुसऱ्यांदा, ओरडून, आणि मग मार. माउटहाउझेनच्या छावणीत रबरी दंडुक्याला कैदी ‘दुभाषी’ म्हणत, कारण त्याची भाषा सगळ्यांना कळे. लेव्ही लिहितात, जर्मन न येणारे बहुतेक जण पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मेले. त्यांना स्वतःला रसायनशास्त्राच्या पुस्तकांपुरती जर्मन येत होती. त्यांनी अल्सेसच्या एका कैद्याला शिकवणी लावली आणि फी दिली पावाच्या रूपात. जिथे पावाच्या तुकड्यावर दिवस निघायचा, तिथे त्यांनी तो शब्दांवर खर्च केला, आणि याहून चांगला खर्च झालेला पाव आपल्याला आठवत नाही, असं पुढे म्हटलं.

मिळाली ती भाषाही छावणीतलीच. जर्मनमध्ये माणसाच्या खाण्याला ‘एसेन’ म्हणतात, जनावराच्या खाण्याला ‘फ्रेसेन’. आपल्याकडे जेवणं आणि चरणं वेगळं असतं, तसं. छावणीत पहिला शब्द जणू नव्हताच. युद्धानंतर रंगांच्या कारखान्यात काम करताना लेव्हींचा जर्मन कंपन्यांशी व्यवहार आला, तेव्हा समोरचे चपापत: हा गृहस्थ अशी बराकीतली जर्मन कुठे शिकला? त्यांनी ते उच्चार मुद्दाम घासूनपुसून घेतले नाहीत. डाव्या हातावर गोंदलेला नंबर जसा काढून टाकला नाही, तसंच हेही.

तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलांच्या पेन्सिलीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती रेघ कुठे पडते याबद्दल आहे. ‘बॉटम’ या शब्दाखाली कुणी रेघ मारत नाही. तो पाचवीतच येऊन गेलेला असतो. पण फ्रँकलच्या पुस्तकात सूपाच्या रांगेत उभं राहून पाहा. वरचं सूप म्हणजे नुसतं पाणी. वाढप्याचा डाव तळापर्यंत गेला तर चार वाटाणे पदरात पडतात. त्यामुळे वाढपी ओळखीचा आहे का आणि डाव कुठून भरतो, यावर माणसाची नजर खिळलेली असते. ‘अ‍ॅपथी’चा अर्थ कुठल्याही कोशात सापडेल. या ‘तळा’चा सापडणार नाही. लेव्हीही हेच म्हणत: भूक, थंडी हे मोकळ्या माणसांनी मोकळ्या माणसांसाठी घडवलेले शब्द आहेत, छावणीतल्या गोष्टीला ते पुरत नाहीत.

मराठी वाचकाने हा धडा घरातच गिरवलेला आहे. अंदमानचा सेल्युलर जेल आणि नाझी छावणी यांना एका तागडीत घालू नये. संहार हा छावण्यांचा हेतू होता, जेलचा नव्हता. पण सावरकरांच्या 1927 च्या ‘माझी जन्मठेप’ने जमादार, टिंडाल, वॉर्डर ही तुरुंगातली उतरंड आणि मुख्य म्हणजे ‘कोलू’, तेलाचा घाणा, मराठी घराघरात नेला. वस्तू आपल्याला नवी नव्हती. कोकणात घाणा गावोगाव होता. इथले बेने इस्रायल लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचं 1849 चं बेथ एल सिनेगॉग पनवेलमध्ये आजही उभं आहे. फरक एवढाच की कोकणात घाण्याला बैल जुंपत, अंदमानात माणूस, आणि संध्याकाळपर्यंत तीस पौंड खोबरेल पुरं करावं लागे. मराठीला ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ देणाऱ्या, परके शब्द निवडून बाहेर काढणाऱ्या सावरकरांच्या नावाला ‘कोलू’ मात्र कायमचा चिकटला. भाषाशुद्धीच्या हट्टाबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही, पण इथे ‘घाणा’ म्हणून भागलं नसतं, हे मान्य. घाणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बैल येतो.

परीक्षेत ‘रिप्रीव्ह’ येईल, ‘बॉटम’ येणार नाही, हे मुलांना पक्कं माहीत आहे आणि त्यांचं बरोबर आहे. फ्रँकल ज्याला ‘डिल्यूजन ऑफ रिप्रीव्ह’ म्हणतात, म्हणजे फासाच्या दारातही आपण सुटू असं वाटत राहणं, तो भाग पाठ करायला हरकत नाही. फक्त त्याच्याबरोबर सूपाचं पानही वाचावं. तिथे एकही अवघड शब्द नाही, त्यामुळे वेळही लागणार नाही.