विज्ञानाच्या तासाला उत्पत्ती?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे छोटे गाव आहे. २००४ साली तेथील शाळा मंडळाने ठरवले, की जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीबरोबर ‘बुद्धिमान रचनाकारा’ची कल्पनाही मुलांच्या कानावर घालायची. अकरा पालक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने साक्ष दिली जॉन हॉट या कॅथलिक ईशज्ञान-पंडितांनी! श्रद्धावान माणूस त्या बाजूला कसा, असे आम्हांलाही क्षणभर वाटले.

त्यांनी उदाहरण दिले चहाच्या किटलीचे. पाणी का उकळते? रेणू वेगाने हलतात म्हणून. गॅस पेटवला म्हणून. आणि कुणाला तरी चहा हवा आहे म्हणून. तिन्ही उत्तरे खरी. पण तिसरे रेणूंमध्ये शोधून सापडत नाही. डिसेंबर २००५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला.

उत्क्रांती हा केवळ एक तर्क राहिलेला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ सालीच म्हटले होते. तरीही घरी मूल विचारते, “आपण आदामाचे की माकडाचे?” तेव्हा आम्ही “फादरांना विचार” म्हणून मोकळे होतो. मग हे शाळेनेच शिकवावे, असे वाटू लागते. शाळेतल्या बाई रेणूंचे सांगतील. त्यांच्यासमोर सर्व धर्मांची मुले बसलेली असतात. आमच्या घरचा चहा कुणी, कशासाठी ठेवला, हे त्यांनी का सांगावे?