गढूळ पाण्यासमोर एक तास

काचेच्या उंच भांड्यात पुराचं गढूळ पाणी घ्या आणि समोर स्वस्थ बसा. डोळे उघडेच असू द्या. आजचं मनन बघत बघत करायचं आहे.

पाण्यातला मातीचा एक कण मनात धरा. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार आहे. म्हणून कण एकमेकांना दूर लोटतात, तरंगत राहतात. रात्र गेली तरी पाणी गढूळच.

आता शेवग्याची झाडावरच वाळलेली शेंग उकला. बियांची टरफलं काढा, पांढरा गर बारीक कुटा. लिटरभर पाण्याला एक-दोन बिया पुरतात. पूड थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून फडक्यातून गाळा. दुधट पाणी भांड्यात सोडा. मिनिटभर भरभर ढवळा, मग पाच-दहा मिनिटं अगदी संथ.

आता हात काढून घ्या. बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो. ती कणांना बिलगतात, कणांचं दूर लोटणं संपतं. पुंजके बांधले जातात, जड होतात आणि खाली बसू लागतात. घाई करू नका. याला तासभर लागतोच.

तोवर मन सुदानला जाऊ द्या. इथिओपियाच्या डोंगरांतली माती घेऊन नाईल पुरात येते. तिच्या काठच्या बाया हेच बी वापरून घरचं पाणी निवळत. सामिया अल अझहरिया यान या जर्मन संशोधक बाईंनी 1970च्या दशकापासून ही रीत अभ्यासली, तपासली. प्रयोगशाळेच्या आधी ते ज्ञान त्या बायांच्या हातांत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही सुश्रुतसंहितेत पाणी निवळणाऱ्या द्रव्यांत कतक, म्हणजे निवळीचं बी, सांगितलं आहे. ते घड्याच्या आतून घासायची रीत.

आता भांड्याकडे पाहा. पाणी नितळ झालं. उचलून प्यावंसं वाटेल, पण थांबा. या इच्छेपाशीच जरा बसून राहा. गाळाबरोबर बरेच जंतू खाली गेले, सगळे नाहीत. उरलेल्यांना बियांचाच विरघळलेला अंश खाद्य म्हणून मिळतो, आणि ते पुन्हा वाढतात. विरघळलेल्या क्षारांवर तर या बियांचा उपाय चालत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांत फ्लोराईड असलेलं बोअरचं पाणी दिसायला नितळच असतं, आणि त्याच पाण्यानं तिथल्या माणसांचे दात आणि हाडं खराब झाली आहेत. डोळ्यांना दिसतो तो गढूळपणा, धोका दिसेलच असं नाही.

गाळ हलू न देता वरचं पाणी अलगद ओतून घ्या, दुहेरी फडक्यातून गाळा, खळखळून उकळा आणि त्याच दिवशी संपवा. तान्ह्या बाळाच्या घरात तर उकळणं एकदाही चुकवू नका.