तुम्ही बसा हो!

माणूस एका दिवसात म्हातारा होत नाही. सरकार त्याला हप्त्याहप्त्याने म्हातारं करतं. राज्य सरकारच्या नोकरीत असाल, तर बहुधा ५८ व्या वर्षी तुमच्या हातात नारळ पडतो. केंद्र सरकारच्या मते तुम्ही आणखी दोन वर्षं चालता. २००७ च्या कायद्याप्रमाणे ६० पूर्ण झाली, की तुम्ही ज्येष्ठ नागरिक. पण एस.टी.च्या कंडक्टरला ते मान्य नाही. ६५ चा पुरावा दाखवल्याशिवाय तो अर्ध्या तिकिटाला हात लावत नाही. पुढे ८० ला प्राप्तिकर खातं तुम्हाला ‘अतिज्येष्ठ’ म्हणतं. त्या मानाने मनूचा कारभार सोपा होता. कातडीला सुरकुत्या, डोक्याला पांढरे केस आणि मांडीवर नातू, एवढं झालं की अरण्याची वाट धरा! कुठे जन्मतारखेचा दाखला नाही, की झेरॉक्सच्या तीन प्रती नाहीत.

घरात मात्र म्हातारपण यातल्या कुठल्याच आकड्याने येत नाही. ते एका वाक्याने येतं. ते वाक्य म्हणजे “तुम्ही बसा हो!”

माझ्या बाबतीत ते माळ्यावरचा डबा काढताना आलं. मी स्टुलावर एक पाय ठेवला होता, एवढ्यात चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही बसा हो, मी काढतो.” डबा तिसऱ्या दिवशी निघाला, ते सोडा. पण तेव्हापासून मी जो बसलोय तो बसलोयच. बल्ब बदलू नका, पिशवी उचलू नका, बँकेत कशाला जाता, मोबाईलवर होतं. लग्नकार्यात तर मला मानाची खुर्ची असते. ती बरोबर पंख्याचा वारा लागणार नाही आणि कर्ण्याचा आवाज चुकणार नाही अशा ठिकाणी मांडलेली असते. तिथे येऊन लोक पाया पडतात आणि उठून लगेच दुसरीकडे बोलायला जातात.

माझी अडचण अशी, की मी ६६ चा आहे आणि घरात माझी ८८ वर्षांची आई आहे. त्यामुळे थंडीत मी बाहेर निघालो, की दोन खोल्यांतून दोन हाका येतात. सून म्हणते, “बाबा, या वयात स्वेटर नको का?” आई म्हणते, “अरे, लहान आहेस का, स्वेटर घाल!” एकीच्या मते मी म्हातारा आणि दुसरीच्या मते अजून पोर, स्वेटर तेवढा तोच. पण असं मधे लोंबकळल्यामुळे ‘तुम्ही बसा’ हे वाक्य मला ऐकावंही लागतं आणि म्हणावंसंही वाटतं. म्हणून प्रश्न पडतो, की हे वाक्य आपण नक्की कोणासाठी म्हणतो? त्या माणसाला विश्रांती मिळावी म्हणून, की आपल्या कामात त्याची लुडबुड नको म्हणून?

यावर कोणीतरी महर्षी कर्व्यांचं नाव काढतंच. जन्म १८५८ चा आणि महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, म्हणजे ऐन ५८ व्या वर्षी! ज्या वयात आपल्याला नारळ मिळतो, त्या वयात हा गृहस्थ नवा संसार मांडत होता. ७१ व्या वर्षी परदेशच्या दौऱ्यावर निघाले, ८६ व्या वर्षी समता संघ काढला आणि १०४ वर्षं जगून १९६२ साली गेले. त्यांना मधल्या काळात कोणी ‘अण्णा, तुम्ही बसा’ म्हटलं नसेल, असं मला वाटत नाही. पण हे उदाहरण आमच्या घरात कुचकामी आहे. कर्व्यांच्या हातून काम होत होतं, म्हणून जगाने ते करू दिलं. ज्याच्या हातून आता काम नीट होत नाही, त्याचं काय करायचं?

आमच्या नातीने परवा पहिली पोळी लाटली. पोळी कसली, आफ्रिकेचा नकाशा! त्यात मादागास्करसुद्धा वेगळं पडलं होतं. घरभर टाळ्या झाल्या. मुलाने फोटो काढून सतरा ठिकाणी पाठवला. मी ती पोळी तुपाबरोबर खाल्ली आणि ‘वा!’ म्हटलं. तोच नकाशा आईने लाटला असता, तर तिच्या हातातलं लाटणं हळूच काढून घेतलं असतं. पीठ सारखंच वाया जातं, ओटा सारखाच माखतो. मग फरक कुठे आला? फरक असा, की नात शिकतेय. आज पीठ सांडलं तरी पाच वर्षांनी पोळी मिळेल. आईच्या खात्यात आता काही जमा होणार नाही. म्हणजे आपलं कौतुकसुद्धा व्याज बघून मुदतठेव ठेवणाऱ्यासारखं!

अर्थात, सगळंच करू द्यावं असं माझं म्हणणं नाही. आईने दोनदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून पोथी उघडली. दुसऱ्या वेळी पातेल्याचा कोळसा झाला आणि शेजारचे धावत आले. तेव्हापासून गॅस बंद. त्यात शेजाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे, आणि मी त्यावर वाद घालत नाही. आपलंच हाड मोडायची भीती असेल, तर निदान हाड ज्याचं आहे त्याला विचारावं. पण पुष्कळदा ना जिवाची भीती असते, ना हाडाची. फक्त आपली पंधरा मिनिटं जाणार असतात.

मेथीचंच बघा. आईकडे आता तेवढं एक काम उरलंय. ती वर्तमानपत्र पसरते, चष्मा सरळ करते आणि जुडी निवडायला बसते. डोळ्यांनी दिसत नाही. भाजीत काड्या राहतात, गवत राहतं, एकदा रबरबँड राहिलं. मग ती देवाला नमस्कार करायला आत गेली, की ही स्वयंपाकघरात तीच मेथी पुन्हा निवडते. आणि जेवताना म्हणते, “आई, काय छान निवडलीत हो!”

मी पडलो नीतिमत्तेचा माणूस. म्हणजे आता दुसरं काम नाही. मी हिला म्हटलं, “ही फसवणूक आहे. एक तर काम काढून घ्यावं, नाही तर खरं सांगावं.” ही म्हणाली, “तुम्ही बसा हो!”

मग मी आईकडे गेलो. आडून आडून विचारलं, की मेथीचा त्रास होतो का, डोळे दुखतात का. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ती पुन्हा निवडते, ते मला ठाऊक आहे. कान अजून शाबूत आहेत माझे. काड्या कचऱ्याच्या डब्यात पडल्या की वाजतात.”

“मग तू बोलत का नाहीस?”

“कशाला? तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. सासूचं मन राखलं, एवढं तरी समाधान तिला नको का?”

आता यात कोण कोणाला सांभाळतंय, हे मला ठरवता येईना. दोघीही खोटं बोलतात आणि दोघींचंही खोटं मोडायला माझी जीभ उचलत नाही. खऱ्याची बाजू घेऊन उभा राहिलो, तर घरात मी एकटाच बरोबर ठरेन आणि मेथी कायमची बंद होईल.

आज भाजी आणायची आहे. चिरंजीव फोन काढून म्हणाले, “तुम्ही बसा हो, मी मागवतो, दहा मिनिटांत येईल.” मी पिशवी घेऊन निघालो. आई आतून म्हणाली, “कोवळी बघून आण रे.” दारापर्यंत आलेली ही हळूच म्हणाली, “जरा जूनच आणा. काड्या जाड असल्या, की त्यांच्या बोटांना लागतात.”