देवगडची गादी

पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला. आम्हा इथल्या मराठी माणसांत जुन्या राज्याची गोष्ट निघाली की ती नागपूरकर भोसल्यांपासून सुरू होते. ती देवगडापासून सुरू व्हायला हवी. छिंदवाड्याकडच्या त्या गोंड गडाची सत्ता घाट उतरून खाली पसरली होती. नागपूर वसवलं तेच मुळी देवगडच्या बख्त बुलंद शाहाने.

त्याच्यामागून आलेला चांद सुलतान 1739 मध्ये वारला आणि वली शाहाने गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानाच्या राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं. रघूजींनी राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली, भरघोस मोबदला घेतला आणि ते परतले. पुढे भावाभावांत बिनसलं. त्यांतल्या बुरहान शाहाने पुन्हा रघूजींनाच हाक मारली. 1743 मध्ये आलेले रघूजी मात्र नागपुरातच राहिले आणि खरी सत्ता त्यांच्या हाती गेली.

अशा वेळी मला फ्रँक लोकांचा पेपिन आठवतो. तिथले मेरोव्हिंजियन राजे नावापुरते उरले होते, कारभार पेपिनच्या घराण्याकडे होता. त्याचा बाप शार्ल मार्तेल याने तर 737 पासून मरेपर्यंत गादी रिकामी ठेवूनच राज्य हाकलं. पेपिनने पोपला विचारलं, सत्ता एकाकडे आणि राजेपण दुसऱ्याकडे, हे बरं का? हवं ते उत्तर मिळालं. 751 मध्ये शेवटच्या राजाचे लांब केस कापून त्याला मठात धाडलं. त्या वंशात केस हीच राजेपणाची खूण होती.

रघूजींनी बुरहान शाहाचा ‘राजा’ हा किताब तसाच ठेवला, नेमणूक बांधून दिली. स्वतः ‘सेनासाहेब सुभा’ या सरदारकीच्या किताबावरच राहिले. यात राजकारण होतंच. राज्य गोंड राजाच्या नावावर असलं की पेशव्यांच्या वरचष्म्याला आडकाठी होई. तरीही मला पेपिनपेक्षा रघूजींची रीत मोठी वाटते, कारण ही भूमी आपल्याआधी कुणाची होती, हे त्यांना रोज मान्य करावं लागलं. आपणही ते मान्य करावं.

1853 मध्ये तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. बुरहान शाहाच्या वंशजांची नेमणूक इंग्रजांनीही चालू ठेवली.